हेन्रीसाहेब, पुढच्या वेळी दोन दिवस जास्त काढून या

प्रति,
हेन्री ऑक्झिंडेन साहेब,
वकील, ईस्ट इंडिया कंपनी,
मुक्काम मुंबई बेट.

सा. न. वि. वि.

पत्र पोचायला साडेतीनशे वर्षं उशीर झाला, त्याबद्दल राग मानू नये. मुंबई-गोवा महामार्गाचं काम चालू आहे. आमच्याकडे कुठल्याही उशिराला एवढं कारण पुरतं.

पत्रास कारण, तुमची 1674 सालची रायगड सहल. सहल म्हटलं म्हणून कपाळाला आठ्या घालू नका. मे महिन्याच्या मध्यावर मुंबईहून निघालात, जूनच्या मध्यावर परत पोचलात आणि तेवढ्यात तह, राज्याभिषेक, नजराणे, खिलत सगळं उरकलंत. शिवाय कागदोपत्री तुम्ही मैत्रीचा तह करायला आला होतात, म्हणजे मित्राच्याच मुलखात आलात की!

मैत्री मात्र जरा वेगळ्या वळणाची होती. 1660 साली पन्हाळ्याला वेढा पडला, तेव्हा सिद्दी जौहरच्या बाजूने तोफा डागायला तुमचेच लोक गेले होते. त्याचा हिशोब म्हणून शिवाजी महाराजांनी राजापूरची तुमची वखार लुटली. आणि तुम्ही रायगडावर आलात ते त्या वखारीची भरपाई मागायला! ह्याला कोकणात काय म्हणतात ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. भरपाईपोटी 10,000 होन कबूल झाले, हा यजमानाचा मोठेपणा.

तुमचा प्रवासही मजेदार झाला. चौलला रात्री पोचलात, तर पोर्तुगीजांनी वेशीचे दरवाजे लावून घेतलेले. धर्मबांधव असूनही कुणी आत घेतलं नाही. वेशीबाहेरच्या एका चर्चमध्ये पाठ टेकावी लागली. तिथून अष्टमी, निजामपूर, गांगवली करत पाचाडला आलात, तर यजमान घरी नाहीत! महाराज प्रतापगडला भवानीच्या दर्शनाला गेलेले, सव्वा मण सोन्याचं छत्र देवीला वाहायला. मग बसा गडाच्या पायथ्याशी वाट बघत. मे महिन्यातलं पाचाड म्हणजे काय ते आम्हाला विचारा. वारा पडलेला, घामाच्या धारा आणि समोर काळाकभिन्न कडा. त्यात तुमच्या अंगावर विलायती कपडे. तुमची खरी दया येते ती इथे.

पण तशातही तुम्ही स्वस्थ बसला नाहीत. महाराजांचे निराजीपंत भेटल्याबरोबर जंजिऱ्याच्या सिद्दीशी तह करण्याचा विषय काढलात. पाहुण्याने ओसरीवर बसल्या बसल्या घरच्या भाऊबंदकीत तोंड घालावं, तसा हा प्रकार. पंतांनी हा विषय वर काढू नका म्हणून सुचवलं, आणि तुम्हीही शहाण्यासारखं ऐकलंत.

मग तुमची कलमं. कंपनीचं नाणं महाराजांच्या मुलखात चालावं, हे एक. उत्तर आलं की आम्ही कुठल्याच नाण्याला बंदी करत नाही, पण रयतेचा तोटा होत असेल तर ते घ्यायची सक्तीही करणार नाही. वादळात फुटून किनाऱ्याला लागलेल्या जहाजांचा माल परत मिळावा, हे दुसरं. उत्तर आलं की कोकणचा शिरस्ता तसा नाही. तुम्हाला दिलं तर उद्या फ्रेंच आणि डच तेच मागतील. नंतर तुमच्या लोकांनी आमच्याकडच्या किती दरबारांना कागदांत गुंडाळलं! पण रायगडावर तुमचं कलम न् कलम नीट वाचलं जात होतं, हे तुमच्याच टिपणांवरून कळतं.

तुमच्या जेवणाची हकीकत तर महाडला अजून चवीने सांगतात. तूप घातलेली खिचडी तुम्हा मंडळींच्या पचनी पडेना, म्हणून बोकडाच्या मटणाची सोय करावी लागली. तुम्ही निघणार हे कळल्यावर म्हातारा खाटीक मुद्दाम गड चढून वर आला. गेल्या कित्येक वर्षांत खपलं नव्हतं एवढं मटण ह्या थोड्या दिवसांत संपवणारी माणसं दिसतात तरी कशी, हे त्याला डोळ्यांनी बघायचं होतं! राज्याभिषेक बघायला सगळा मुलूख लोटलेला, आणि हा बाबा बघायला आला तुम्हाला. तुमच्या मुक्कामाचं एवढं चोख परीक्षण दुसऱ्या कुणाला जमलं नसतं.

आता तुमचं श्रेय तुम्हाला देतो. 6 जूनच्या सकाळी दरबारात तुम्हाला उभं राहायला मिळालं ते थोडा वेळ. तुमचे दुभाषी नारायण शेणवी यांनी तुमची हिऱ्याची अंगठी महाराजांना दिसेल अशी उंच धरली, तुम्हाला सिंहासनाच्या पायरीपाशी बोलावलं, पोशाख दिले आणि निरोप दिला. तेवढ्यात तुम्ही काय काय टिपलंत! सिंहासनाच्या दोन बाजूंना सोन्याचे भाले, एकावर मोठ्या दातांची माशांची डोकी, एकावर घोड्यांच्या शेपट्या, एकावर न्यायाचा सोन्याचा तराजू. दाराशी हत्ती आणि शृंगारलेले घोडे. एवढ्या अवघड वाटेने ही जनावरं वर आणली कशी, ह्याचं तुम्हाला नवल वाटलं.

ते नवल आज आमच्या फार उपयोगी पडतं. नगारखान्याच्या दाराशी गाईड उभा राहतो, काठी वर करतो आणि म्हणतो, ‘इथे हत्ती उभे होते, आणि ते बघून इंग्रज वकील चाट पडला!’ टाळ्या पडतात. इंग्रज चाट पडल्याशिवाय आमच्या लोकांना हत्तींची उंची कळत नाही. सभासदाने बखरीत बत्तीस मणांचं सोन्याचं सिंहासन लिहून ठेवलंय, पण तो पडला घरचा माणूस. घरच्याने सांगितलं तर ती फुशारकी; पाहुण्याने सांगितलं की तो पुरावा.

तारखेचंही तेच. राज्याभिषेक झाला ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला, शके 1596. तुमच्या त्या वेळच्या जुन्या पंचांगात त्या दिवशी 6 जून होता. आजच्या कॅलेंडरने तो दहा दिवस पुढे जातो. ते जुनं पंचांग तुमच्या देशाने 1752 मध्ये सोडून दिलं. आम्ही मात्र 6 जून घट्ट धरून ठेवला. आमच्या मंडळींना तिथीही सोडवत नाही, म्हणून गडावर वर्षातून दोनदा सोहळा होतो. पाचाडच्या हॉटेलवाल्यांतर्फे तुमचे खास आभार.

तुमचे भाईबंद 1818 च्या मे महिन्यात परत आले, तेव्हा मात्र नजराण्याची अंगठी आणायला विसरले. पोटल्याच्या डोंगरावरून तोफा डागल्या, आणि तुम्ही ज्या वाड्यात वाकून मुजरा केलात तो जळून गेला. त्या वेळी गडावर दुसऱ्या बाजीरावांच्या पत्नी वाराणसीबाई होत्या. मैत्रीच्या तहात ह्याबद्दल कलम नव्हतं, हे कबूल.

तर साहेब, तक्रार अशी आहे की तुम्ही एवढे आलात आणि खालचा मुलूख न बघताच परत गेलात. महाडला सावित्रीच्या काठी गांधारपाल्याची लेणी आहेत. तुमच्या कंपनीचा जन्मही झाला नव्हता तेव्हा भिक्खू तिथे वर्षावास करत होते. चवदार तळं आहे. तुमच्या काळी ते नुसतं पाणी होतं. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी तिथे ओंजळभर पाणी उचललं, आणि ज्याला तुम्ही दरबारातला न्यायाचा तराजू म्हणालात तो खरा कुठे टांगायला हवा ते दाखवून दिलं.

आणि पोलादपूर. प्रतापगडाच्या पायथ्याचं हे गाव. इथे कवींद्र परमानंदांची समाधी आहे. महाराजांचं चरित्र संस्कृतात लिहिणारा हा माणूस. अफजलखानाचा प्रसंग त्याने सविस्तर लिहिला, पण त्याचं ‘शिवभारत’ राज्याभिषेकापर्यंत पोचायच्या आतच मधेच तुटलं. पोचलं असतं, तर माशांची डोकी आणि सोन्याचा तराजू पोलादपूरच्या शब्दांत वाचायला मिळाला असता आणि तुम्हाला एवढं डोक्यावर घ्यायची वेळ आली नसती. आज पोलादपूरच्या स्टँडवर वडापाव खाऊन आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला जाणाऱ्या शंभर जणांना परमानंद कोण म्हणून विचारा. शंभरही जण तोंडाकडे बघतील. ऑक्झिंडेन कोण म्हणून विचारा. दहा जण तरी हत्तींची गोष्ट सांगतील.

हल्लीचे आमचे पाहुणे तुमच्याही वरताण आहेत. तुम्हाला महिना लागला. हे शनिवारी पहाटे पुण्याहून निघतात, रोपवेने पाच मिनिटांत वर, होळीचा माळ, बाजारपेठ, जगदीश्वर, समाधीपुढे फोटो, टकमकीवर आणखी फोटो, खाली पिठलं-भाकरी आणि रात्री घरी. महाड हायवेच्या फलकावर वाचायचं, पोलादपूर घाट लागण्याआधी गाडी थांबवायला. तुम्ही निदान दिसेल ते लिहून काढत होतात.

म्हणून विनंती की पुन्हा या, आणि ह्या खेपेला मुक्काम महाड-पोलादपुरात ठेवा. मटणाची काळजी करू नका. आता खाटकाला डोंगर चढावा लागत नाही. लेणी बघा, तळ्यावर जा, परमानंदांच्या समाधीपाशी घटकाभर बसा आणि सगळं तुमच्या सवयीने आकड्यांसकट इंग्रजीत लिहून काढा. आम्ही इतकी वर्षं ओरडून सांगतोय, कुणी थांबत नाही. तुम्ही लिहिलंत, की पुढच्याच शनिवारी पोलादपूरला गाड्या लावायला जागा उरणार नाही.

कळावे,
आपला,
सावित्रीकाठचा एक महाडकर