जपान्या

रायगडच्या किनाऱ्याला परदेशी गेलेल्या माणसाचं अप्रूप नाही. आधी बोटीवरचा होता. सहा महिने समुद्रात, सहा महिने नाक्यावर, आणि दोन्हीकडे काम एकच, वाट बघत बसण्याचं. मग श्रीवर्धन-म्हसळ्याकडून आखातवाला आला. त्याच्या सामानात टेपरेकॉर्डर, जाडजूड ब्लँकेट आणि अख्ख्या आळीला पुरेल एवढं अत्तर असे. तो घरी आल्याचं वाऱ्यावरूनच कळे. हल्ली तिसरा आलाय. तो हिरव्या चहाच्या चवीचं किटकॅट आणतो, जे कोणी दुसऱ्यांदा मागत नाही, आणि खिशात घडी घातलेली एक रिकामी पिशवी आणतो. पिशवीचं पुढे येईलच.

हा जपान्या. आईबापांनी ठेवलेलं नाव त्याला आहे, पण जपानीच्या क्लासला जायला लागला त्या दिवसापासून नाक्यावर ते बंद पडलं. 2019 च्या एप्रिलमध्ये जपानने परदेशी कुशल कामगारांसाठी वेगळा व्हिसा सुरू केला, 2021 च्या जानेवारीत भारताशी त्यासाठी सहकार्याचा करार केला, आणि ज्या पोरांनी शाळेत संस्कृत फक्त मार्कांपुरतं घेतलं होतं ती अलिबागला बसून हिरागाना गिरवू लागली. या भाषेच्या परीक्षा उलट्या चालतात. सगळ्यात सोपी एन-5, मग एन-4, असं करत सगळ्यात अवघड ती एन-1. डिसेंबरात एक दिली की जुलैत पुढची. जपान्याच्या आईने ही प्रगती आळीत सांगितली ती अशी : "पाचवी झाली, आता चौथीला बसलाय." शेजारच्या काकूंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. म्हणाल्या, "होतं गं असं एकेकाचं. सुधारेल."

सुधारला, आणि गेला. तोक्योच्या बाजूला एका वृद्धाश्रमात लागला. घरी आजीने पाण्याचा तांब्या मागितला तर ज्याला ऐकू येत नसे तो आता परक्या आज्यांना चमच्याने पेज भरवतो, त्यांची उशी सारखी करतो, वर वाकून माफीही मागतो. हे ऐकून त्याच्या आजीने डोळ्याला पदर लावला. कौतुकाने की संतापाने, ते तिने अजून सांगितलेलं नाही.

जाताना त्याला एका गोष्टीचा विशेष आनंद होता. 'अलिबागसे आया है क्या' या टोमण्यातून आता कायमची सुटका. हा टोमणा बंद व्हावा म्हणून एकाने थेट मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली होती. ती 2019 मध्ये न्यायालयाने फेटाळली. जपान्याने वरच्या कोर्टात न जाता देशच बदलला. मग पहिल्या रविवारी तो तोक्योतल्या निशिकासाईला डाळ-तांदूळ आणायला गेला. तिथे भारतीयांची एवढी वस्ती आहे, की त्या भागातून योगेंद्र पुराणिक हे मूळचे भारतीय गृहस्थ 2019 मध्ये एदोगावा वॉर्डाच्या सभेवर निवडूनही आले. दुकानात एक दिल्लीकडचा भाऊ भेटला. कुठला म्हणून त्याने विचारलं. यानं खरं ते सांगितलं. पुढचं सांगायला नको.

जपानी लोकांचा त्रास वेगळा. त्यांना अलिबाग माहीत नाही, पण भारतीय माणूस रोज नान आणि करी खातो हे पक्कं माहीत असतं. तिकडच्या बऱ्याचशा 'इंडियन' हॉटेलांचे मालक नेपाळी, आणि नान ताटाबाहेर हातभर लोंबणारा. ज्याचा जन्म तांदळाच्या भाकरीवर आणि घावनांवर गेला त्याने आयुष्यातला पहिला पोटभर नान जपानात, नेपाळ्याच्या हातचा खाल्ला, आणि सोबतच्या जपानी मित्राने विचारलं, "घरची आठवण आली का?" आईने सोमवार पाळायला सांगितले होते तेही त्याने पाळून पाहिले. पण त्या देशात साध्या भाजीच्या पाण्यातही सुक्या माशाचा अर्क असतो. पहिल्या श्रावणात तो दोन सोमवार केळ्यांवर राहिला. तिसऱ्या सोमवारी त्याने ठरवलं, की पाप लागायचंच तर ते गरम असावं.

बाकी रोजचं जगणं सहा चटया मावतील एवढ्या खोलीत. खोली घेताना मालकाला परत न मिळणारी एक रक्कम द्यावी लागते. गिरगावात राहून आलेल्या त्याच्या आप्पांना ती लगेच समजली : "म्हणजे पागडीच की." कचऱ्याचं मात्र आप्पांनाही समजलं नाही. जळणारा वेगळ्या वारी, न जळणारा वेगळ्या वारी, बाटलीचं झाकण वेगळं, तिच्यावरचा कागद वेगळा. चुकलात तर पिशवी तिथेच राहते, वर चिठ्ठी चिकटते, आणि पलीकडच्या आजीबाई दोन दिवस नमस्कार करत नाहीत. आई रात्री दहाला निवांत झाली की फोन करते. तिथे तेव्हा दीड वाजलेला असतो. तो अंथरुणात डोकं खुपसून कुजबुजत बोलतो, कारण भिंती पातळ. मुलगा आजारी आहे असा आईचा दीड वर्ष समज होता.

आता भटकंतीकडे येतो, कारण जपान्याचा खरा जीव तिथे. त्याचं टोळकं असं : एक नेपाळी, दोन व्हिएतनामी आणि एक जपानी, जो बोलत नाही पण गाड्यांच्या वेळा सांगतो. हे पाचजण कुठे जातात? तर एनोशिमाला. तोक्योहून तासा-सव्वातासावर एक बेट. बेटावर देवस्थान, भोवती मासळीची हॉटेलं, शनिवार-रविवारी शहरातल्या माणसांचा लोंढा, आणि वाळूवर जोडपी. जपान्याने पहिल्यांदा फोटो पाठवले तेव्हा नाक्यावर एकच प्रतिक्रिया उमटली : "अरे, हा वरसोलीला कधी आला?"

चूक त्यांची नव्हती. एनोशिमा पुलाने जोडलेलं असलं, तरी मोठ्या ओहोटीला वाळूवरून चालतही जाता येतं, अगदी आपल्या कुलाबा किल्ल्यासारखं. देवी बेंझाइतेन, म्हणजे मुळातली आपली सरस्वतीच, बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे तिकडे पोचलेली. आणि थाळीत तिथला मानाचा पदार्थ म्हणजे बोटाच्या पेराएवढी पांढरी मासळी, शिरासू, कच्ची, भातावर पसरून. आईने हे ऐकलं आणि विचारलं, "कच्ची? चुलीला काय धाड भरली त्यांच्या?" पण वर्षाच्या सुरुवातीला दोन-सव्वादोन महिने तिथेही या मासळीची बंदी असते, हे कळल्यावर तिचं मत थोडं निवळलं. आपली 1 जून ते 31 जुलै, त्यांची ती. लोक अगदीच बेशिस्त नाहीत म्हणाली. तिथल्या घारी मात्र बेशिस्त. माणसाच्या हातातलं खाणं मागून येऊन उचलतात. तशा पाट्याच लावल्यात. जपान्याचा बटाट्याचा गरम वडा पाटीखालीच गेला.

भरतीचा प्रसंग तर सांगितलाच पाहिजे. किनाऱ्यावरच्या पोराला भरतीसाठी मोबाइल लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, हे आजोबांनी शिकवलेलं. पौर्णिमेला बाराच्या सुमारास भरती, सहाला ओहोटी. जपान्याने एनोशिमाच्या किनाऱ्यावर पंचांग मनात धरून जाहीर केलं, की संध्याकाळी सहाला आपण वाळूवरून चालत परत जाऊ, पूल म्हाताऱ्यांसाठी आहे. हिशेब बरोबर होता, फक्त समुद्र दुसरा होता. पौर्णिमेच्या दुपारी बाराला आपल्याकडे भरती असते, तर तिथल्या बाराला त्या किनाऱ्यावर ओहोटी असते. सहा वाजता पाचहीजण कमरेइतक्या पाण्यात होते. जपानी मित्र तेव्हाही काही बोलला नाही. नंतर कळलं, भरतीचं वेळापत्रक त्याच्या खिशात होतं, पण मित्राला तोंडावर चूक म्हणणं त्याला बरं वाटेना.

वसंतात हीच मंडळी चिबाकडे तिसऱ्या काढायला गेली. तिथे तो सणासारखा प्रकार असतो. बायका-पोरं ओहोटीला वाळू उकरतात, आणि त्यासाठी कित्येक ठिकाणी तिकीट असतं. जपान्याने पैसे भरले, दिलेल्या जाळीत तिसऱ्या भरल्या, गुडघ्यापर्यंत चिखलात उभा राहून फोटो काढला आणि घरी पाठवला. आई तेव्हा नुकतीच अक्षीच्या खाजणातून तेच काम फुकट करून पाठ शेकत बसली होती. लहानपणी या मुलाला "चल रे, टोपली धर" म्हटलं की त्याच्या पोटात दुखायचं. आईने फोटो मोठा करून पाहिला. मग उत्तरादाखल फक्त विचारलं, "किती दिलेस?"

यात जपान्याचं सगळं येतं. खिडकीतून कुलाबा किल्ला दिसत असताना तो बावीस वर्षांत किल्ल्यात गेला नव्हता. अलिबागकर सहसा जात नाही. ते काम पुण्यामुंबईच्या लोकांचं. जपानात दर रविवारी एक देऊळ, एक किल्ला, एक किनारा करून त्याला फिरण्याची चटक लागली, आणि आता गणपतीला घरी आला की तो आपल्याच गावात पाहुणा असतो. मांडव्याला रो-रोतून उतरताना सगळा गाव गाड्यांमधून वाट काढतो, हा रांगेत उभा. रांगेत एकटाच असल्यामुळे शेवटी उतरतो. एसटी चाळीस मिनिटं उशिरा आली तेव्हा त्याने सांगितलं, की नोव्हेंबर 2017 मध्ये तिकडे एक गाडी 20 सेकंद लवकर सुटली म्हणून कंपनीने जाहीर माफी मागितली होती. कंडक्टर म्हणाला, "लवकर सुटली तर मागायलाच पाहिजे. आम्ही कधी लवकर सोडतो का?"

नाक्यावरच्या मित्रांना घेऊन तो कुलाबा किल्ल्यात गेला. 1759 मध्ये राघोजी आंग्र्यांनी बांधलेलं गणपतीचं देऊळ पाहून तीनदा वाकला. मग काशीदला नेलं. तिथे ती पिशवी निघाली. तोक्योत 1995 च्या सारिन वायूच्या हल्ल्यानंतर रस्त्यावरच्या कचराकुंड्या बऱ्याचशा काढून टाकल्या, म्हणून माणसं आपला कचरा घरी नेतात. जपान्याने काशीदच्या वाळूत आधी आपला कचरा उचलला, मग मित्रांचा, मग शेजारच्यांचा. तेव्हा एका मुंबईकर बाईंनी त्याला हाक मारून आपली ताटंही दिली आणि वर दहा रुपये.

जेवणानंतर त्याने बिलाचे भाग पाडले. सात जण, प्रत्येकी तीनशे बेचाळीस रुपये. टेबलावर शांतता पसरली. आमच्याकडे बिल एकजण देतो, बाकीचे "अरे मी देतो ना" म्हणत खिशापर्यंत हात नेतात, आणि हिशेब लग्नाबारशाला निघतो. पैसे बहुतेकांनी दिले. पण पुढे आठवडाभर त्याला कुणी चहा पाजला नाही.

गणपतीत त्याने एक शेवटचा प्रयत्न केला. आसाकुसाजवळच्या देवळात आपलाच गणपती कांगितेन या नावाने पुजला जातो आणि भक्त त्याला पांढरा मुळा वाहतात, हे आजीला सांगून त्याने मोदकांशेजारी मुळा ठेवायची परवानगी मागितली. आजी म्हणाली, "तिकडे त्याला कोण मोदक करून घालणार? मिळेल ते खातो बिचारा. तुझ्यासारखाच." आणि त्याच्या पानात पाचवा मोदक वाढला.

अनंत चतुर्दशीनंतर तो परत जातोय. ज्यांना त्याच्याबरोबर काही पाठवायचं असेल त्यांनी मटणाचं काही आणि ताजी फळं देऊ नयेत, तिकडचं कस्टम ती सोडत नाही. सुकट द्यावी, पण तीन पिशव्यांत बांधून. आणि काशीदचे तीनशे बेचाळीस अजून कुणाचे राहिले असतील तर तेवढे देऊन टाका. तो मागणार नाही, पण त्याच्या वहीत लिहिलेले आहेत.