सातच्या आत दहशत

गावाकडचा रॅपर घरी गजानन असतो, नाहीतर ज्ञानेश्वर. फोनवर मात्र नावाआधी ‘एमसी’ लागतं आणि जऊळका रेल्वे या गावाचं ‘जे-टाउन’ होतं. वय एकोणीस-वीस. मालेगावच्या कॉलेजात बी.ए.च्या हजेरीपटावर नाव, आणि गाण्यात सात खून.

गाण्यात पोलीस त्याला टरकतात. गावात पोलीस ठाणं आहे. ठाण्यासमोर आला की हा मोटरसायकलवरून उतरतो आणि गाडी ढकलत नेतो, कारण लायसन निघालेलं नाही.

गाण्यात तो रात्रंदिवस नशेत. माल, पुडी, लाल डोळे. प्रत्यक्षात डोळे लाल होतात सोयाबीन फवारून, आणि पुडी असते खर्र्याची. तीही आबा दिसले की गिळावी लागते. व्हिडिओतला धूर तुराट्यांचा. एकदा तो इतका झाला, की शेजारची काकू बादली घेऊन धावली. व्हिडिओतून बादली कापली, पण ‘कोनं पेटवलं रे मुर्दाडा!’ मागे ऐकू येतंच. सगळ्यात जास्त लाइक त्यालाच. शूटिंग सातच्या आत आटोपायचं. मग डॉनला मोटर चालू करायला वावरात जायचं असतं. लाइनीचा भरोसा नाही.

दैवत एकच, एमसी स्टॅन. पुण्याच्या ताडीवाला रोडवरचा हा अल्ताफ शेख फेब्रुवारी 2023मध्ये ‘बिग बॉस’ जिंकला आणि त्याच्या 80 हजारांच्या बुटांनी गावोगावच्या बापांची झोप उडवली. आबांनी हिशेब मांडला. सोयाबीनचा 2025-26चा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये. ‘म्हंजे पंधरा क्विंटल पायात घालून हिंडते का बे थो?’ बाजारात हमीभाव मिळत नाही, तेव्हा खरा आकडा याहून मोठा. पण तेवढी सूट आबांनी दिली.

पोराला फार हसू नये. अमेरिकेत कोकेनसम्राटाच्या थाटात गाणारा रिक रॉस पूर्वी फ्लोरिडात तुरुंगाचा पहारेकरी होता. 2008 साली हे उघड झालं, तरी गाणी खपतच राहिली. नावही त्यानं एका खऱ्या तस्कराचं उचललेलं. तो तस्कर कोर्टात गेला आणि हरला! धंदाच उसनवारीचा, आपल्या एमसीनं बंदूक तेवढी टिकल्यांची घेतली.

आता खरोखर कोणाला रॅप टोचलं, ते ऐका. एप्रिल 2023मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगासेवर रॅपपायी गुन्हा दाखल झाला. त्याचा रोख खून-चरसावर नव्हता, खोक्यांवर आणि सत्तांतरावर होता. आमच्या डॉनला हे सांगितलं तर दचकून म्हणतो, ‘राजकारन नको काका, आबा मारतीन.’

पीकविम्यावर त्यानं अजून एकही ओळ लिहिलेली नाही.