पांगाऱ्याचा हापूस

आमच्या घरी बारा महिने हापूस असे. शोकेसमधल्या काचेच्या वाडग्यात, केळं, सीताफळ, काजूचं बोंड आणि सफरचंद यांच्या संगतीत. आजीनं सावंतवाडीहून आणलेली ती लाकडी फळं. खरं सफरचंद तेव्हा कुणी आजारी पडलं तरच घरात यायचं; त्यामुळे लाकडाचं का होईना, ते समोर दिसलं की आपलं बरं चाललंय असं वाटे.

त्या हापुसाच्या एका गालावर दातांच्या चार खुणा आहेत. त्या धाकट्या काकाच्या. वय वर्षं पाच, मे महिन्यातली दुपार, घरातले सगळे झोपलेले. काकानं आंब्याला चावा घेतला आणि आंब्यानं काकाचा एक दुधाचा दात. आवाज ऐकून आजी धावत आली आणि तिनं आधी आंबा उचलून पाहिला. हे सांगताना काकाचा आवाज आजही दुखरा होतो.

परवा सावंतवाडीला जायचा योग आला, तेव्हा आंबा पिशवीत टाकून नेला. मोती तलावाला वळसा घालून चितार आळीत शिरलो. दुकानादुकानांत फणस, पेरू, डाळिंबं, वांगी, मिरच्या. मंडईत सवयीनं उठतो तसा माझा हात एका पेरूला दाबून बघायला गेला. दुकानदार हसला नाही. त्याला सवय असावी.

ही फळं घडतात मुख्यतः पांगाऱ्याच्या लाकडातून. पांगारा म्हणजे काटेरी, लालभडक फुलांचं, कुंपणाला लावायचं झाड. लाकूड हलकं, मऊ. खाट करायला निरुपयोगी, पण कोरायला सोयीचं. ज्या झाडाला खाण्याजोगं एकही फळ धरत नाही, त्याला इथं आंब्यापासून सफरचंदापर्यंत काहीही लागतं. पांगारा नसेल तेव्हा आंब्याचं लाकूडही चालतं. म्हणजे आंब्याच्या झाडाला केळी!

एका दुकानाच्या पडवीत एक गृहस्थ केळं रंगवत बसले होते. पेरू, संत्रं ही गोलमटोल मंडळी यंत्रावर कातून निघतात. केळ्याचा बाक मात्र हातानंच काढावा लागतो. पिवळा रंग देऊन झाला होता, देठाशी हिरवी झाक आली होती. आता बारीक कुंचल्यानं ते तपकिरी ठिपके देत होते. चांगल्या पिवळ्याधमक केळ्यावर डाग! मला राहवलं नाही. म्हटलं, "काका, डाग कशाला?"

"डाग नाय दिलो, तर केळा लाकडाचा दिसता."

"पण ते लाकडाचंच आहे ना?"

"ता माका ठावक आसा. केळ्याक कशाक सांगूचा?"

हा कुंचला कुठून आला ते पाहू गेलं तर पार राजदरबारात पोचतो. चितारी मंडळी पूर्वीपासून पाट, चौरंग, देव्हारे रंगवत आली. तिसऱ्या खेम सावंतांच्या काळात, म्हणजे १७५५ ते १८०३ च्या दरम्यान, तेलंगी ब्राह्मणांकडून गंजिफा, म्हणजे हातानं रंगवलेल्या पत्त्यांचा खेळ, इथं आली असं सांगतात. दशावतारी गंजिफेचा संच १२० गोल पानांचा: मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं. कापडावर चिंचोक्याची खळ चढवून पान तयार करायचं आणि तेवढ्याशा वर्तुळात राजा नि प्रधान बसवायचे. पुढे छापील पत्ते आले आणि ही पानं मागं पडली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवींनी पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिराकडून ती विद्या शिकून घेतली, राजवाड्यात कारागीर बसवले, म्हणून ती टिकली. ज्या हातांना अवताराच्या डोळ्यातली बाहुली टिपायची सवय, त्यांना केळ्यावरचा ठिपका किती अवघड?

मला वाटलं होतं, त्याहून अवघड. कारण ठिपके कुठंही देऊन चालत नाहीत. केळं फण्यात दाटीनं वाढतं, पिशवीत घासतं. काळं पडायच्या त्याच्या ठरलेल्या जागा असतात. "हे कुणी शिकवलं?" या प्रश्नावर त्यांनी कुंचल्यानंच भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडे बोट दाखवल्यासारखं केलं. वडिलांनी घर ठेवलं, दुकान ठेवलं; आणि डाग कुठं द्यायचा तेही.

मी भीत भीत आमचा हापूस पुढं केला. म्हटलं, तुमच्याच घरचा असेल. त्यांनी तो उजेडात धरून फिरवला, देठाजवळची लाली अंगठ्यानं चाचपली आणि परत दिला.

"हो आमच्या घरातलो नाय. ही लाली शेजारच्यांच्या हाताची."

पन्नास वर्षांपूर्वीच्या आंब्याच्या गालावरून त्यांनी घराणं ओळखलं, तेही दुसऱ्याचं! मग त्यांची नजर खालच्या चार खाचांवर गेली. ही खूण काही त्यांच्या ओळखीची नव्हती.

"हे दात बुजवूचे आसत?"

म्हटलं, "नको. तेवढं काम आमच्या घराण्याचं आहे."