बॅटिंग घेऊन घरी जाणाऱ्यांच्या वतीने

रोहितभाऊ शर्मा यांस,


आमच्या जालन्यात टेनिस बॉलच्या क्रिकेटमध्ये सगळ्यात मोठा गुन्हा म्हणजे बॅटिंग घेऊन घरी पळणं. ‘आईनं बोलावलंय’, ‘दळण आणायचंय’ असं सांगून जो सटकतो, त्याचा दुसऱ्या दिवशी नंबर शेवटचा, आणि बॉल नालीत गेला की काढायचा त्यानंच. २०२५च्या आयपीएलमध्ये हाच उद्योग तुम्ही सामन्यामागून सामने राजरोस केलात. वर त्याला नाव काय, तर ‘इम्पॅक्ट प्लेअर’!

सोय मात्र झकास आहे. धावांचा पाठलाग असेल तर पहिली वीस षटकं डगआउटमध्ये बसायचं. पहिली बॅटिंग असेल तर आउट होऊन यायचं, पॅड सोडायचे, तुमच्या जागी एखादा बॉलर पळत जातो. मुंबईचे प्रशिक्षक जयवर्धने म्हणाले, चॅम्पियन्स ट्रॉफीपासून तुमचं अंग जरा दुखतंय. दुखत असेलच. २०२५च्या ३० एप्रिलला तुम्हाला अडतीस पूर्ण झाली. त्या वयात वाकलेला माणूस सरळ होईपर्यंत बॉल बाउंड्रीपार जातो, हे आम्ही स्वतः अनुभवतो.

शिवाय मैदानात उतरून भलं कुणाचं झालंय? दुबईत बांगलादेशविरुद्ध अक्षर पटेलची हॅटट्रिक स्लिपमध्ये तुमच्याच हातून निसटली. डगआउटमध्ये आजवर एकाचाही झेल सुटलेला नाही.

एक आठवण मात्र पिच्छा सोडत नाही. २०२४च्या फेब्रुवारीत विशाखापट्टणम कसोटीत फिल्डिंग करताना ‘गार्डन में’ फिरणाऱ्या पोरांना तुम्ही जो दम भरलात, तो स्टम्प माइकनं घरोघर पोचवला. त्या बिचाऱ्यांनी निदान गार्डनपर्यंत येण्याचे कष्ट तरी घेतले होते!

त्याच वर्षी एप्रिलमध्ये तुम्हीच म्हणालात की हा इम्पॅक्ट प्लेअरचा नियम तुम्हाला फारसा पटत नाही. त्यानं अष्टपैलूंचं नुकसान होतं, दुबे आणि सुंदर यांना बॉलिंग मिळत नाही. शंभर टक्के खरं. सातव्या नंबरवर येऊन दोन ओव्हर टाकणारं पोरगं प्रत्येक गावात असतं. आता त्याची जागा दोन अर्ध्या माणसांनी घेतली. आमच्या गावच्या विजय झोलनं २०११ साली कूचबिहार करंडकात आसामविरुद्ध नाबाद ४५१ केले, तेव्हा त्याला ‘आता तू बस, बाबा’ म्हणायची सोय नियमात नव्हती. नियमाला विरोध करावा तर तुमच्यासारखा, त्याच्या मांडीवर बसून.

पण राखलेली ताकद एलिमिनेटरला कामी आली, हे मान्य करायलाच हवं. गुजरातविरुद्ध ५० चेंडूंत ८१! त्याही कोएत्झी आणि मेंडिस यांनी सुरुवातीलाच झेल सोडल्यावर. फिल्डिंग किती हलकी गोष्ट आहे, हे त्या दोघांनी सिद्ध केलं. पुढच्या सामन्यात तुमच्या ८ झाल्या आणि पंजाबनं २०४चं लक्ष्य गाठून दाखवलं. तो हिशोब आम्ही उकरत नाही.

आमचं मागणं एवढंच की ही सवलत चाळिशी ओलांडलेल्या जालनेकरांनाही मिळावी. मे महिन्यात दुपारी मैदान तव्यासारखं तापतं, आणि आमची टीमही प्लेऑफच्या आशेवर आहे. तुमचा दाखला देऊन मी कॅप्टनकडे, म्हणजे सख्ख्या पुतण्याकडे, अर्ज केला. त्यानं तो जागेवरच फेटाळला. म्हणाला, “काका, आधी इम्पॅक्ट दाखवा, मग प्लेअरचं बघू.”

आपला,
थर्ड मॅनला उभा केलेला एक जालनेकर