घाम गाळून लिहिलेली हिमगीते

माघातल्या एखाद्या रात्री, शेजारच्या बिऱ्हाडांतील दिवे मालवल्यावर आणि रस्त्यावरील कुत्र्यांनी आपापल्या हद्दींचा वाद उद्यावर तहकूब केल्यावर, पारा दहा अंशांखाली उतरला की ज्याची वर्दी वर्तमानपत्रे मोठ्या अक्षरांत देतात अशा पुणे शहरात, खांद्यावर शाल, डोक्याला कानटोपी आणि हाताशी सुंठ घातलेला चहा असा सरंजाम मांडून बर्फावरची अमेरिकन गाणी ऐकण्यात जे सुख आहे, ते ज्याच्या दारात खरोखरच बर्फ पडतो त्याच्या नशिबी नाही, असे माझे ठाम मत आहे.

ह्या मताला पुरावा आहे, आणि तो गाणी रचणाऱ्यांच्याच दप्तरातला आहे. ‘लेट इट स्नो! लेट इट स्नो! लेट इट स्नो!’ असा शीर्षकातच आकाशामागे तीनदा तगादा लावणारे गाणे सॅमी कान आणि ज्यूल स्टाइन ह्या जोडीने लिहिले ते १९४५ च्या जुलै महिन्यात, हॉलिवूडच्या काहिलीत बसून. त्याच उन्हाळ्यात, त्याच कॅलिफोर्नियात, बॉब वेल्स नावाचा गृहस्थ जिवाला जरा गारवा वाटावा एवढ्याच हेतूने थंडीच्या चार ओळी कागदावर उतरवून बसला होता. तो कागद त्याचा सहकारी मेल टॉर्मे ह्याच्या दृष्टीस पडला, आणि तासाभराच्या आत ‘द ख्रिसमस साँग’ पुरे झाले. वाळ्याचे पडदे भिजवावेत, चंदनाची उटी लावावी, हे उपाय आपल्या पूर्वजांनाही ठाऊक होते. परंतु उकाड्यावर उतारा म्हणून गीत लिहावे आणि त्या उताऱ्याचे स्वामित्वधन पुढे हयातभर वसूल होत राहावे, ही अक्कल मात्र हॉलिवूडचीच.

लिरॉय अँडरसनची हकीकत मला सर्वांत प्रिय आहे. १९४६ च्या उन्हाळ्यात कनेक्टिकटमधील वुडबरी येथे उष्म्याबरोबर अवर्षणही पडले असता, हार्वर्डमध्ये शिकलेला हा बहुभाषाकोविद संगीतकार एका जुन्या झऱ्याचे जमिनीत गाडलेले नळ हुडकण्यासाठी चर खणीत होता. आणि ज्या अवस्थेत सामान्य मनुष्याच्या मुखातून केवळ अपशब्द निघावेत, त्या अवस्थेत ह्याला बर्फावरून घसरत जाणारी घोडागाडी सुचली. ‘स्ले राइड’ ही ती रचना. तीत घुंगरे आहेत, लाकडी ठोकळ्यांवर वाजणाऱ्या टापा आहेत, चाबकाचा फटकारा आहे, आणि शेवटी ट्रम्पेटमधून घोडा अशा काही प्रत्ययकारी रीतीने खिंकाळतो की आमच्या आळीतील टांगेवाल्यानेही लगाम सावरला असता. बॉस्टन पॉप्स वाद्यवृंदाने ती प्रथम वाजवली ४ मे १९४८ रोजी. निदान त्या प्रसंगापुरती तरी हिवाळ्याची वाट पाहावी, असे कोणाच्या मनात आले नाही.

अर्व्हिंग बर्लिन तेवढा प्रामाणिक. बिंग क्रॉस्बीने १९४२ साली ध्वनिमुद्रित केलेल्या आणि पाच कोटींवर प्रती खपल्याचा अंदाज असलेल्या ‘व्हाइट ख्रिसमस’च्या प्रारंभी त्याने एक प्रास्ताविक कडवे लिहिले होते, ज्यात बेव्हर्ली हिल्सचे ऊन, संत्र्याची झाडे आणि ताड ह्यांची रीतसर नोंद होती. पुढे त्याने स्वतःच ते गाळले, आणि त्याबरोबर गुन्ह्याची मूळ जागाच पंचनाम्यातून नाहीशी झाली. परंतु उष्मा पिच्छा सोडीना. एप्रिल १९७५ मध्ये व्हिएतनाममधील सायगाव शहर पडण्याच्या घटकेस तेथील अमेरिकनांना निघण्याची खूण म्हणून रेडिओवरून तापमान १०५ अंश फॅरनहाइट असल्याचे सांगून हेच गाणे लावले गेले.

‘विंटर वंडरलँड’ लिहिणारा रिचर्ड स्मिथ ह्यांच्या पंक्तीला बसत नाही. त्याच्या प्रांतात बर्फ पडत असे. पण त्याला क्षय झालेला होता आणि १९३५ साली, गाणे प्रसिद्ध झाल्यावर वर्षभरातच, तो वारला. त्याची उलटतपासणी करावी असे मला वाटत नाही.

विरुद्ध पक्षाचा साक्षीदार म्हणजे माझा भाचा. तो मिनिआपोलिसला असतो. बर्फ थांबल्यापासून चोवीस तासांच्या आत घरापुढील पदपथ मोकळा करावा असे तेथील नगरपालिकेचे फर्मान असल्यामुळे, मी रात्री शाल पांघरून त्याला ही गाणी ऐकवायला फोन करतो तेव्हा तिकडे सकाळ असून तो हाती फावडे घेऊन उभा असतो. “मामा, तुम्ही ऐका. मला गाडी उकरून काढायचीय,” एवढेच तो म्हणतो. रसिकतेचा हा अभाव मी परदेशगमनाच्या खात्यावर टाकणार होतो. परंतु कुमारसंभव उघडले, तो कालिदासही भाच्याच्याच बाजूने! हिमालयाची एवढी स्तुती आरंभूनही बर्फाची गणना तो पर्वताच्या दोषांतच करतो, आणि अनंत गुणांत हा एक दोष बुडून जातो असे म्हणून त्याची रदबदली करतो. इतकेच नव्हे, तर दगडासारख्या थिजलेल्या हिमावरून चालताना किन्नरस्त्रियांच्या टाचा आणि बोटे कशी दुखतात, हेही नमूद करण्यास तो चुकत नाही.

तेव्हा मी अखेरचा कागद म्हणून ‘जिंगल बेल्स’ दाखल केले. जेम्स पियरपाँटचे हे गाणे १८५७ साली प्रसिद्ध झाले. पण ते रचले कोठे, ह्यावर मॅसॅच्युसेट्समधील मेडफर्ड आणि जॉर्जियातील सव्हाना ह्या दोन गावांचा दावा चालू असून दोघांनीही आपापल्या हद्दीत तशा पाट्या लावल्या आहेत. सव्हानात बर्फ क्वचितच पडतो. सबब माझ्या सिद्धांतास सव्हानाच सोयीचे. हे मी भाच्याला समजावून सांगितले, आणि सांगता सांगता त्याच गाण्यातील, सहसा कोणी न म्हटलेल्या एका कडव्याचाही उल्लेख केला, ज्यात घोडा साठलेल्या बर्फाच्या ढिगात शिरतो आणि गाडी उलथते. फावड्याचा आवाज थांबला.

“मामा, हा माणूस मेडफर्डचाच,” भाचा म्हणाला. “त्याच्या गाडीला इन्शुरन्स होता का, तेवढं बघा.”