अडीच घोडे, दहा फूट होडी

देवबागला एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी आणि मधे माडांची चिंचोळी पट्टी. या पट्टीच्या खाडीकडच्या बाजूला अण्णांचं वडिलोपार्जित घर आहे आणि घरामागच्या पायरीला बांधलेली दहा फुटांची, गोल पोटाची फायबरची होडी. अण्णा एरवी ठाण्यात असतात. बँकेतून निवृत्त झाले तरी कर्जप्रकरण मंजूर करताना जेवढा खल करायचे तेवढा ते आता मिक्सर घेतानाही करतात. भरतीच्या वेळी होडी त्यांचं ऐकते. ओहोटी लागली की खाडीचं पाणी समुद्राकडे असं धाव घेतं की दोन वल्ही आणि अण्णांचा दुखरा खांदा यांची डाळ शिजत नाही. शेवटी होडीला मागे मशीन लावायचं ठरलं.

वहिनी आगगाडीने कुडाळला उतरून आधीच देवबागला पोहोचल्या. मशीन आणायची कामगिरी अण्णा आणि मेव्हणा यांच्यावर. मेव्हण्याचं म्हणणं, महामार्गाने जायचंच नाही. महामार्गाला हॉटेलं लागतात, बंदरं लागत नाहीत. किनाऱ्याकिनाऱ्याने जाऊ, प्रत्येक खाडीत जाणती माणसं असतात, त्यांना विचारत जाऊ. मोटारीत एक टेप, एक वही आणि भाकरी-ठेचा घेऊन दोघे निघाले. टेप ठाण्यातच घरी राहिल्याचं पुढे कळलं.

पहिला मुक्काम दारूखाना. रे रोडच्या पलीकडे जुनी जहाजं फोडतात आणि जहाजाच्या पोटातलं सगळं गल्लीत मांडलेलं असतं: साखळदंड, नांगर, पितळी काठाच्या गोल खिडक्या, लाइफजॅकेटं. त्यातच एका लाकडी घोडीवर पंधरा एचपीचं टू-स्ट्रोक टांगलं होतं. "मक्खन है सेठ," दुकानदार म्हणाला. मशीनची शेपटी पाण्याच्या पिंपात बुडवून त्याने दोरी खेचली. तिसऱ्या झटक्याला गल्ली निळ्या धुराने भरली. मेव्हण्याचे डोळे पाणावले. धुराने की प्रेमाने, हे त्याने सांगितलं नाही.

"भाऊजी, पंधरा घोडे! खाडीपलीकडे भोगव्याला पाच मिनिटांत!"

अण्णांनी किंमत विचारण्याआधी मशीन उचलून पाहिलं, आणि तिथेच त्यांच्यातला बँकवाला जागा झाला. छत्तीस किलो. होडीची मागची फळी, तिच्यावर हे धूड, शेजारी स्वतः अण्णा, म्हणजे नाक आभाळाकडे आणि बूड पाण्यात. शिवाय पाणी कापत जाणाऱ्या गोल पोटाच्या होडीचा वेग तिच्या लांबीवर ठरतो. दहा फुटी होडीला ताशी सात-साडेसात किलोमीटरच्या वर रेटायला गेलं की ती स्वतःच उठवलेल्या लाटेचा चढ चढत बसते. जादा घोडे नुसतं पेट्रोल खातात. सपाट बुडाच्या हलक्या बोटीचं गणित निराळं, ती पाण्यावर उठून पळते. अण्णांची होडी त्या कुळातली नव्हे. मेव्हण्याला हे पटलं नाही, पण पैसे अण्णांचे होते.

भाऊच्या धक्क्यावरून मोटारीसकट रो-रो बोटीत चढून मांडव्याला जाताना मेव्हण्याने तोंड उघडलं ते थेट अमेरिकेत. विस्कॉन्सिनमधल्या एका तळ्याकाठी १९०६ सालच्या उन्हाळ्यात सहल चालू होती. बेस नावाच्या मुलीला आइस्क्रीम खावंसं वाटलं. ओले एविनरूड या नॉर्वेत जन्मलेल्या यंत्रकाराने होडी वल्हवत नेऊन पलीकडून ते आणलं, पण येईस्तोवर त्याचं दूध झालं. याच चिडीतून त्याने होडीमागे अडकवायचं मशीन बनवलं, अशी कथा सांगतात. त्याच्या आधी कॅमेरॉन वॉटरमन नावाच्या गृहस्थांनीही असं मशीन बाजारात आणलं होतं, पण त्यांच्या गोष्टीत आइस्क्रीम नसल्यामुळे ते मागे पडले. एविनरूडचं १९०९ सालचं मशीन दीड घोड्यांचं, वजन बासष्ट पौंड आणि किंमत बासष्ट डॉलर. म्हणजे पौंडाला डॉलर, भाजीसारखा सरळ हिशेब. दरम्यान बेसशी त्याचं लग्न झालं होतं, धंद्याची कागदोपत्री बाजू तिने उचलली आणि जाहिरातही तिनेच लिहिली. वल्ही फेकून द्या, असा त्या जाहिरातीचा बेधडक सल्ला होता.

"दीड घोड्यांवर त्याची बायको खूश होती," अण्णा एवढंच म्हणाले.

मुरूड, आगरदांडा, तिथून फेरीबोटीने दिघी. पुढे बागमांडल्याहून सावित्रीची खाडी ओलांडून वेसवी. फेरीबोटीवर मोटार लागली की दोघे खाली उतरून कुणालातरी गाठत, आणि उत्तर मिळे त्याआधी उलटा प्रश्न मिळे: किती एचपीचं घेताय? अण्णा "ठरवतोय" म्हणत. मग समोरचा आपल्याकडे जे असेल तेवढ्या एचपीची शिफारस करी. आठवाला आठ सांगे, चाळीसवाला चाळीस. वहीत आकडे वाढत गेले.

हर्णैला मात्र दुपार सत्कारणी लागली. हर्णैच्या बंदरात पाणी उथळ. मच्छीमार बोटी आत नांगरतात आणि मासळी किनाऱ्यावर आणायला बैलगाड्या समुद्रात शिरतात. चाकाच्या तुंब्यापर्यंत पाणी, बैल निवांत, गाडीवर टोपल्या, आणि किनाऱ्यावर लिलावाचा असा कलकलाट की बांगड्याचा भाव ऐकून अण्णांनी सवयीने मान हलवली असती तर टोपली त्यांच्या नावावर चढली असती. समोर सुवर्णदुर्ग. कान्होजी आंग्र्यांच्या आरमारात वारा पडला की वल्ह्यांची गलबतं मोठ्या गुराबांना ओढत नेत. त्या काळी घोड्यांची चौकशी कुणी करत नसे, माणसं मोजत.

वाळूवर एक मशीनवाला चाळीस एचपीचं धूड उघडून बसला होता. त्याच्या भोवती जमलेल्यांनी पहिल्यांदा रॉकेलवर चालणाऱ्या मशीनची तारीफ केली. ते पेट्रोलवर चालू करायचं, तापलं की रॉकेलवर घ्यायचं आणि बंद करण्याआधी आठवणीने पुन्हा पेट्रोलवर आणायचं, नाहीतर सकाळी दोरी ओढून हात गळ्यात येतो. तीस फुटी बोटीला, जाळ्याच्या ओझ्याला ते ठीक. खाडीपलीकडे मिसळ खायला जाणाऱ्या माणसाला कशाला? हा प्रश्न त्या मशीनवाल्यानेच विचारला, आणि हात पुसत पुढे म्हणाला, "घोडे राहू द्या. मागली फळी किती उंच हाय?"

कुणालाच माहीत नव्हतं. दारूखान्यापासून हर्णैपर्यंत हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता.

त्याने हातातल्या पान्यानेच वाळूत आकृती काढली. छोट्या मशीनची शेपटी दोन मापांत येते, पंधरा इंची आणि वीस इंची. पंख्याच्या वर एक आडवी पट्टी असते. ती होडीच्या तळाच्या पातळीत किंवा इंचभर खाली यायला हवी. मशीन आखूड पडलं तर पंखा वरून हवा ओढतो, नुसता भणभणतो, होडी जागची हलत नाही. लांब पडलं तर पाण्यात लोढणं, आणि ओहोटीच्या वेळी पंखा पहिल्याच वाळूच्या दांड्यावर आपटणार. छोट्या मशीनच्या पंख्याला बरेचदा एक मऊ पिन असते. आपटलं की आधी ती तुटते आणि आतले गिअर वाचतात. म्हणून दोन पिना खिशात हव्यात.

अण्णांनी देवबागला फोन लावला. वहिनी शिवणकामाची टेप घेऊन ओहोटीच्या चिखलात उतरल्या.

"पंधरा आणि दोन रेघा."

"दोन रेघा कसल्या?"

"टेपवरच्या! आता मी वर येऊ का?"

दारूखान्यातलं मक्खन वीस इंची होतं. मेव्हणा बराच वेळ सुवर्णदुर्गाकडे पाहत राहिला.

निघताना मशीनवाल्याने आणखी एक गोष्ट सांगितली. जगात चांगली मशीनं खूप आहेत, पण बंद पडल्यावर ते उघडणारा माणूस आणि त्याचा रबरी पंखा ज्या गावात मिळतो, त्या गावाचं मशीन घ्यावं. "बिघडल्यावर इथं आणनार काय?" पाणी खेचून इंजिन गार ठेवणारा तो आतला रबरी पंखा पाण्याविना काही क्षणांतच भाजून निघतो, हौसेने अंगणात मशीन चालू करून पाहणारे त्याचं मोठं गिऱ्हाईक. मशीनच्या मागून पाण्याची बारीक धार उडत असेल तर पंप जिवंत, नसेल तर तत्काळ बंद. आणि खाऱ्या पाण्यातून बाहेर काढलं की आतून गोड्या पाण्याने धुवायचं. अण्णांनी वहीतले एचपीचे सगळे आकडे खोडले आणि नव्या पानावर "रबरी पंखा – मालवण?" असं लिहिलं.

दाभोळहून धोपाव्याला जाणाऱ्या फेरीबोटीवर म्युनिकच्या भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. त्याच्या शहराजवळच स्थापन झालेल्या टॉरकीडो कंपनीचं विजेवरचं मशीन घ्या, असा त्याचा आग्रह. आवाज नाही, धूर नाही, दोरी ओढणं नाही, बॅटरी सुटी होते. अण्णांना हे मनापासून आवडलं. पण किलोवॅटभराचं मशीन आणि त्याहून थोडी कमीच भरणारी बॅटरी, म्हणजे पूर्ण वेगात तास भरायच्या आत खेळ खलास. निम्म्या वेगात पुष्कळ जास्त. संथ तळ्यात बेश. कर्लीच्या ओहोटीपुढे निम्मा वेग म्हणजे जागच्या जागी राहणं. शिवाय ओहोटी कधी लागणार हे तिथीच्या पाऊणपटीने काढता येतं. देवबागची वीज कधी जाणार हे कुठल्याच पंचांगात नसतं.

याच बोटीवर अण्णांना स्टाइनबेक आठवला. कादंबरीकार जॉन स्टाइनबेक आणि त्याचा जीवशास्त्रज्ञ मित्र एड रिकेट्स १९४० च्या मार्च-एप्रिलमध्ये 'वेस्टर्न फ्लायर' नावाच्या मासेमारी बोटीतून कॅलिफोर्नियाच्या आखातात समुद्रजीव गोळा करायला गेले होते. किनाऱ्यावर उतरायला एक छोटी होडी होती आणि तिला एक छोटं मशीन. त्या प्रवासवर्णनात त्याने मशीनचं खरं नाव दिलेलं नाही, 'हॅन्सन सी-काऊ' असं टोपणनाव दिलं आहे. फिर्याद वाचली की कारण कळतं. ते लाटांत चालायचं नाही, वाऱ्यात नाही, पहाटे नाही, रात्री नाही, अंतर जरा लांब असेल तर नाहीच. मात्र ऊन पडलेलं, पाणी शांत, वल्हवावंसं वाटणारी वेळ असली की एका स्पर्शाने सुरू होई आणि थांबायचं नाव घेत नसे. नोबेल मिळवणाऱ्या माणसाला जे साधलं नाही ते आपल्याला साधणार, असा मेव्हण्याला विश्वास होता.

तवसाळ-जयगड फेरी चहात गेली.

रत्नागिरीत मिरकरवाड्याजवळच्या एका दुकानात फोर-स्ट्रोक, अडीच घोड्यांचं, पंधरा इंची, एका हाताने उचलता येणारं सतरा किलोचं मशीन मिळालं. थोडं वापरलेलं. पोटातच लिटरभराला कमी अशी टाकी. फोर-स्ट्रोक असल्याने पेट्रोलमध्ये तेल मिसळायची कटकट नाही. टू-स्ट्रोकला लिटरमागे वीस मिली तेल घालत बसावं लागतं. गिअर दोनच, पुढे आणि न्यूट्रल. मागे जायचं तर आख्खं मशीन गर्रकन फिरवायचं. अण्णांनी दुकानदाराला मालवणच्या एका मिस्त्रीला फोन लावायला लावला. रबरी पंखा फळीवर आहे, असं पलीकडून उत्तर आल्यावरच त्यांनी चेकबुक काढलं. मशीन लागल्यावर होडीची नोंदणी मेरीटाईम बोर्डाकडे करावी लागते, हे दुकानदाराने अंमळ भीत भीत सांगितलं. अण्णांचा चेहरा खुलला. फॉर्म, नकला, पोचपावती. साऱ्या प्रवासात पहिल्यांदाच त्यांना कुणाच्या सल्ल्याची गरज नव्हती.

पुढे पूर्णगड, जैतापूर, विजयदुर्ग, सगळ्या खाड्यांवर पूल. फेरीबोट नाही, त्यामुळे सल्लाही नाही, आणि नेमका इथेच तो हवा होता. फोर-स्ट्रोक मशीन आडवं ठेवायचं तर एकाच ठरावीक कुशीवर. दुसऱ्या कुशीवर ठेवलं की आतलं तेल नको तिथे शिरतं. तसं चित्र मशीनवर चिकटवलेलं होतं. मेव्हण्याने मशीनला ओरखडे पडू नयेत म्हणून त्यावर टॉवेल गुंडाळला, चित्रासकट.

देवबागला दुसऱ्या दिवशी मशीन पिंपात बुडवून दोरी ओढली ती मालवणहून आलेल्या मिस्त्रीने. मशीन गुरगुरलं, पांढरा धूर सोडून गप्प झालं. त्याने प्लग काढला; तेलाने न्हालेला.

"ह्येका असा कोणी निजयल्यान?"

मेव्हणा माडाच्या शेंड्याकडे पाहू लागला. मिस्त्रीने प्लगविना दोरी ओढून आतलं तेल बाहेर उडवलं, थोडंसं वहिनींच्या वाळत घातलेल्या साडीवर, प्लग पुसून लावला, तेलाची पातळी पाहिली आणि पुन्हा झटका दिला. टकटकटक. मागून बारीक धार उडाली. "पाणी मारता!" तो ओरडला. मग मशीन फळीवर चढवून दोन्ही मळसूत्रं हाताने करकचून आवळली, मागे जास्तीची दोरी बांधली, आणि बंद करायची लाल दोरी अण्णांच्या मनगटात अडकवली. माणूस पाण्यात पडला तर दोरी निघते आणि मशीन थांबतं. मेव्हणा वल्ही उचलून पडवीत नेऊ लागला, तेव्हा मिस्त्रीने हटकलं, "मशीन खंयचाय घेवा, पण वल्ही घरात ठेवू नकात." बेसबाईंची जाहिरात मालवणपर्यंत पोहोचली नव्हती.

ऐन ओहोटीत होडी निघाली. वेग माणूस भरभर चालेल तेवढाच, पण पाण्याच्या विरुद्ध. पलीकडे लागताना अण्णांनी मागे घेण्यासाठी मशीन गर्रकन फिरवलं, मूठ मात्र ढिली केली नाही. होडी स्वतःभोवती एक चक्कर मारून काठावरच्या चिपीच्या झाडीत शिरली. परतताना निम्म्या खाडीत टाकी संपली. वल्ही होती.

संध्याकाळी मेव्हणा प्लॅस्टिकची बाटली घेऊन पेट्रोल पंपावर गेला. बाटलीत पेट्रोल मिळणार नाही, पंपावरच्या मुलाने सांगितलं, गाडी घेऊन या.

"गाडी नाही, होडीला हवंय. होडी खाडीत आहे."

"मग ती घेऊन या."