बे त्रिक चोवीस

श्रावणी सोमवारी कपिलधारला कोणी लॅपटॉप उघडून बसलं, की लोक आधी धबधबा बघतात आणि मग त्या माणसाकडे. नातीचा नाइलाज होता. मन्मथस्वामींच्या समाधीचं दर्शन झालं होतं, मांजरसुंब्याकडे जाणाऱ्या गाडीला तास होता आणि डेटा अ‍ॅनालिसिसच्या क्लासचा पहिला गृहपाठ संध्याकाळपर्यंत द्यायचा होता. दहा बाय दहाचा मॅट्रिक्स सूत्राने भरा. म्हणजे एक ते दहाचे पाढे. पण तसं म्हटलं तर फी कोण भरेल?

तिने एक्सेलमध्ये वरच्या ओळीत एक ते दहा मांडले, डाव्या स्तंभातही तेच. पहिल्या चौकटीत सूत्र घातलं: डावीकडचा गुणिले वरचा. उत्तर एक. मग चौकटीचा कोपरा धरून आधी उजवीकडे, नंतर खाली ओढला. शंभर चौकटी दोन झटक्यांत भरल्या.

शेजारी आबा बसले होते. निवृत्त प्राथमिक शिक्षक. त्यांनी चष्मा पुसून पडद्यात डोकं घातलं.

"पोरी, एक दाहे किती?"

"दहा."

"हितं तर छत्तीस लाख अठ्ठावीस हजार आठशे दिसायलंय."

खालच्या ओळीत बे दुणे चार बरोबर होतं. पुढे बे त्रिक चोवीस, बे चोक ५७६, बे पंचे ६९,१२०. आबांनी जन्मात इतका उत्साही विद्यार्थी पाहिला नव्हता.

एक्सेलचा यात काही दोष नाही. 'डावीकडचा' म्हणजे कायम तो पहिलाच स्तंभ, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. सूत्र ओढलं तसं प्रत्येक चौकटीने आपापल्या शेजारणीचं उत्तर उचललं आणि गुणलं. त्यामुळे पहिल्या ओळीत पाढ्याऐवजी १, २, ६, २४, १२० असे फॅक्टोरिअल निघाले. उपाय छोटा असतो: सूत्रात डाव्या स्तंभाच्या अक्षराआधी आणि वरच्या ओळीच्या आकड्याआधी डॉलरचं चिन्ह.

"पाढ्यात डॉलर?"

"खुंटा समजा, आबा. बांधलेलं जनावर हलत नाही."

हे आबांना लगेच पटलं.

मग नातीला चेव आला. पायथनच्या नम्पायला तिने ओळ गुणिले स्तंभ असं सांगितलं. तिथे मोजणी शून्यापासून. पहिली ओळ सगळी शून्यं आणि शेवटची चौकट ८१. दोन्हीकडे एकेक मिळवल्यावर शंभर आले. आर नावाची भाषा एकपासून मोजते, पण आकड्यांची यादी हाती दिली की मॅट्रिक्स वरून खाली भरत जाते. आडवा हवा असेल तर तसं बजावावं लागतं. पाटीवर पाढा उभाच लिहायचा असतो, असं मानणाऱ्या आबांनी आरला तिथल्या तिथे पास केलं.

"आता पावकी, निमकी भर," आबा म्हणाले. "औटकीपर्यंत."

पाव, अर्धा, पाऊण, सवा, दीड, अडीच, औट म्हणजे साडेतीन. नातीने एकसारखी पायरी शोधून पाहिली: पाव, पाव, अर्धा, पाव, एक, एक. सव्वादोनाचा पाढा जुन्या शाळेने का गाळला, हे सूत्राला कसं कळणार? गाडीचा हॉर्न वाजेपर्यंत आबा सांगत गेले आणि ते सात आकडे तिने हातानेच भरले.